कॉमिक्सवाल्या लायसन्स्ड टी-शर्टला हजार रुपये द्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिवंडीजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं होजिअरीचं कापड तपासतेय. लहानपण गेलं रद्दीच्या दुकानातून आणलेल्या वेताळाच्या (इंग्रजीतल्या फँटमच्या) इंद्रजाल कॉमिक्समध्ये. त्यामुळे घरी, सोसायटीत आणि कामावर कुणाच्या पोराने बॅटमॅनचा हजाराचा टी-शर्ट मागितला की फोन मला येतो. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

लायसन्स्ड म्हणजे नेमकं काय?

पात्राचं चित्र, त्याचं नाव, छातीवरचं चिन्ह या सगळ्यावर कुणाची तरी मालकी असते. स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका हे मार्व्हलचे. मार्व्हल २००९ मध्ये डिस्नीने सुमारे ४०० कोटी डॉलरला विकत घेतलं. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वुमन ही डीसीची मंडळी, आणि डीसी वॉर्नरच्या मालकीची. आपला वेताळ किंग फीचर्स सिंडिकेट या अमेरिकन कंपनीचा.

कपडे विकणारी कंपनी या मालकाशी करार करते. कुठली पात्रं, कुठल्या वस्तूंवर, कुठल्या देशात, किती वर्षं हे त्यात ठरतं. मालक चित्रांचा संच देतो, रंगांच्या छटा ठरवून देतो, मास्क कुठे किती वाकवायचा हेसुद्धा सांगतो. कंपनी डिझाइन पाठवते, ते मंजूर झालं तरच छापता येतं. मग विक्रीवर रॉयल्टी द्यायची. शिवाय बहुतेक करारांत किमान हमीची रक्कम असते. माल विकला गेला नाही तरी तेवढे पैसे मालकाला द्यावेच लागतात.

यात कापडाचा उल्लेख कुठे आला? जवळजवळ नाहीच. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

साधा टी-शर्ट ३५० ला मिळतो. मग यावर चित्र आलं की ९९९ कसे होतात?

लोकांना वाटतं, मधले साडेसहाशे रुपये अमेरिकेला जातात. तसं नाही. धंद्यातला ढोबळ हिशेब मांडून दाखवते. हे आकडे कुठल्या एका कंपनीचे नाहीत, पण प्रमाण साधारण असंच असतं.

समजा, मॉलमधल्या दुकानात शर्ट ९९९ ला लावलाय. त्यातले ४८ रुपये जीएसटीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला ५ टक्के लागतो. उरले ९५१. दुकानदाराने ४० टक्के ठेवले तर ३८० त्याचे, म्हणजे कंपनीच्या हातात ५७० पडले. रॉयल्टी बहुधा या घाऊक किमतीवर मोजतात, साधारण ८ ते १५ टक्के. १२ धरली तर ६८ रुपये. कापड, शिलाई, छपाई, लेबल, पिशवी मिळून दोनशे-सव्वादोनशे. मागे जे पावणेतीनशे उरतात त्यात जाहिरात, गोदाम, कुरिअर, परत आलेला माल, न खपलेले एक्सएस आणि तीन-एक्सएल, पगार आणि नफा.

म्हणजे हजाराच्या शर्टात चित्राच्या हक्काचे सत्तरेक रुपये आहेत. किमान हमी अंगावर पडली तर थोडे जास्त. किमतीचा मोठा भाग दुकानाचं भाडं आणि विक्रीचा खटाटोप खातो. तोच शर्ट कंपनीच्या स्वतःच्या साइटवर सेलमध्ये ५९९ ला येतो तेव्हा कुणी तोट्यात जात नसतं. त्यामुळे छापील किंमत भरायची घाई करू नका.

लायसन्स असलं म्हणजे कापडही चांगलंच असणार ना?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक टी-शर्ट घेताना तुम्ही खरं तर तीन वस्तू घेता: कापड, छपाई आणि चित्राचा हक्क. लायसन्सचा शिक्का फक्त तिसऱ्या वस्तूबद्दल बोलतो. मोठे मालक मंजुरीआधी नमुना मागतात, आणि सुरक्षेच्या, कारखान्यातल्या कामगारांच्या बाबतीत अटीही घालतात. पण शिवण सरळ राहील का, गळा सैल पडेल का, याची हमी त्यांनी तुम्हाला दिलेली नसते.

दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला मी १,२९९ रुपयांचा लायसन्स्ड शर्ट घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. डबा सुंदर, टॅग जाड, आत पात्राचं कार्ड. तिसऱ्या धुण्यानंतर वहिनीने शर्ट दोरीवर टाकला आणि मला बोलावलं. डाव्या कुशीची शिवण फिरून पोटावर आली होती आणि चित्र एका बाजूला कलंडलं होतं. आम्ही याला शिवण फिरणं म्हणतो. सिंगल जर्सी विणीच्या सुतात पीळ जास्त राहिला, किंवा कापड कापण्याआधी नीट विसावू दिलं नाही, की पहिल्या काही धुण्यांत ते आपला पीळ सोडायला लागतं आणि सगळा शर्ट तिरका होतो. इस्त्री करून ते सरळ होत नाही. तक्रार केली तर टॅग काढल्यावर माल परत घेत नाही असं उत्तर आलं. त्या चित्राला पोराने दिलेला जीव आणि त्या कापडाची लायकी यांचा मेळच नव्हता, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

याउलट, माझ्याकडे २०१७ चा काळा बॅटमॅन आहे. ७९९ ला घेतलेला. वर्षाला पंधरा वेळा तरी अंगात पडतो. म्हणजे आत्तापर्यंत शंभराच्या वर वेळा घातला, एका वेळेचे सात-आठ रुपयेसुद्धा पडले नाहीत. गळा अजून जागच्या जागी आहे. तोही लायसन्स्डच.

मग दुकानात कापड ओळखायचं कसं?

हात, डोळे आणि दोन मिनिटं पुरतात.

आधी शर्ट खांद्याला धरून समोर लटकवा. दोन्ही कुशीच्या शिवणी सरळ खाली आल्या पाहिजेत. नव्या शर्टातच शिवण जराशी पुढे सरकलेली दिसली तर तो तिथेच ठेवा, घरी गेल्यावर ती आणखी सरकणार.

मग गळ्याची पट्टी. दोन बोटांत धरून दीडपट ताणा आणि सोडा. लायक्रा असलेली चांगली रिब पटकन मिटते. सावकाश मिटली किंवा लाटा राहिल्या तर सहा महिन्यांत गळा लोंबणार. आतून मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, पट्टी शिवलेली असावी. ती नसली की हँगरवर खांदे ओघळतात.

कापड उजेडाकडे धरा. काळ्या शर्टातून बोटं स्पष्ट दिसली तर वीण विरळ आहे. मग अंगठ्याने घासून बघा. कोम्ब्ड सुतात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. कार्डेड, म्हणजे तसं न विंचरलेल्या सुताचं कापड किंचित खरखरीत, लव असलेलं. त्यावर बगलेत आणि दप्तर घासतं तिथे बारीक गोळे लवकर येतात. मात्र एक सावधगिरी बाळगा. बायोवॉश केलेलं कोरं कापड नेहमीच मऊ लागतं. एन्झाइमने वरची लव खाऊन टाकलेली असते. त्यामुळे मऊपणावर भुलू नका, वीण बघा.

शेवटी रुमालाचा कोपरा ओला करून गडद शर्टाच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. रुमालावर रंग उतरला तर तो शर्ट घरातल्या बाकीच्या कपड्यांनाही रंगवणार.

जीएसएम जितका जास्त तितका शर्ट चांगला का?

नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. नेहमीचा शर्ट १८० च्या आसपास असतो, ओव्हरसाइज्ड २२० ते २४०. जाड कापड अंगावर छान पडतं आणि चित्र ताणलं जात नाही, हे खरं. पण मे महिन्यात डोंबिवलीच्या लोकलमध्ये २४० चा शर्ट घालून उभं राहायचं असेल तर विचार करा. आपल्याकडच्या दमट हवेला १६० ते १८० पुरतो. सूत वाईट असलं तर जाड कापडही तितकंच वाईट निघतं.

खरं वजन बघायचं तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर शर्ट ठेवा. मध्यम आकाराचा १८० जीएसएमचा शर्ट दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम भरायला हवा. टॅगवर १८० लिहून काटा १२० दाखवत असेल तर कुठेतरी चोरी झाली आहे.

छपाई कुठली टिकते?

कॉमिक्सच्या शर्टात मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग हा आहे.

जुनी कॉमिक्स चार रंगांत छापायची. त्वचेचा रंग, आभाळ, सावली हे सगळं बारीक ठिपक्यांनी तयार व्हायचं. इंद्रजालचं पान डोळ्यांजवळ नेलं की वेताळाच्या जांभळ्या पोशाखात ते ठिपके दिसायचे. स्क्रीन प्रिंटिंगही याच पद्धतीने चालतं. जाळीच्या चौकटीतून एकेक रंग दाबून उतरवायचा, छटा हवी तर ठिपके लहान-मोठे करायचे. त्यामुळे कॉमिक्सचं चित्र स्क्रीनवर छापलं की ते आपल्या घरी आल्यासारखं दिसतं. चांगल्या शर्टावर चेहऱ्याची सावली जवळून बघा, ठिपके कडा सोडून पसरलेले नसतात.

काळ्या कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, मग त्यावर रंग. स्वस्तातल्या कामात हा पांढरा थर एकतर फार जाड देतात, मग छातीवर रबराची चटई चिकटवल्यासारखं होतं आणि आत घाम साचतो. किंवा इतका पातळ देतात की दोन धुण्यांत लाल रंग विटकरी होतो. प्लॅस्टिसॉल, म्हणजे कापडावर थर धरणारी प्लॅस्टिकची शाई, सुमारे १६० अंश सेल्सियसला पूर्ण तापली तरच ती पक्की होते. घाईत माल काढण्यासाठी भट्टीचा पट्टा जोरात पळवला की शाई वरून सुकलेली दिसते, आत कच्ची राहते. असा शर्ट महिन्याभरात भेगाळतो. छापलेला भाग हलकेच ताणून सोडा. सोडल्यावर भेग तशीच राहिली तर शाई कच्ची आहे.

पाण्यावर आधारलेली शाई कापडात मुरते, हाताला लागतसुद्धा नाही. डिस्चार्ज छपाईत तर कापडाचा मूळ रंगच काढून त्या जागी नवा बसवतात. दोन्ही उन्हाळ्यासाठी उत्तम, मात्र रंग थोडे मवाळ दिसतात. जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठाला ते शोभतात.

डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, त्यावर गोंदाची पावडर टाकून, गरम प्रेसने चिकटवलेलं चित्र. आता गल्लोगल्ली याची मशिनं आली आहेत. रंग झगझगीत असतात आणि फोटोसारखं चित्र निघतं. पण कडेवरून नख फिरवलं तर स्टिकरसारखी धार लागते. नीट दाबलेलं डीटीएफ बऱ्यापैकी टिकतं, पण मोठं चित्र असेल तर हवा आरपार जात नाही. हजार रुपये देऊन छातीभर डीटीएफ घेऊ नका, ते काम चौकात चारशेत होतं. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून तो कापडात उतरवणं, पॉलिएस्टरवरच चालतं. खेळाच्या जर्सीसाठी ठीक.

ऑनलाइन घेताना हात कसा लावणार?

वर्णनात चार गोष्टी शोधा: शंभर टक्के सुती आहे का, कोम्ब्ड लिहिलंय का, जीएसएम किती, छपाई कोणती. ज्या कंपनीला कापडाचा अभिमान असतो ती हे लिहिते. नुसतं 'प्रीमियम क्वालिटी' लिहून पुढे गेलेली असेल तर समजून घ्या. परीक्षणांत पाच तारे सोडा आणि ग्राहकांनी टाकलेले धुतल्यानंतरचे फोटो बघा. आपल्या मुंबईतच सुरू झालेल्या बेवकूफ (२०१२) आणि द सोल्ड स्टोअर (२०१३) यांच्यासारख्या कंपन्यांमुळे लायसन्स्ड शर्ट आज घरबसल्या मिळतो. पण एकाच कंपनीच्या दोन शर्टांचं कापडही वेगळं असू शकतं, कारण माल वेगवेगळ्या कारखान्यांतून येतो. म्हणून कंपनीचं नाव बघून डोळे मिटू नका. आणि एकदा घालून, वाकून, हात वर करून बघेपर्यंत टॅग कापायचा नाही.

खरा लायसन्स्ड शर्ट ओळखायचा कसा?

टॅगवर किंवा गळ्याच्या आत कॉपीराइटची ओळ असते, मालकाच्या नावासकट. कपडे बनवणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता असतो. काही मालक होलोग्रामही लावायला लावतात. पण टॅग छापणं नकली मालवाल्याला जड नाही, म्हणून चित्र बघा. नकली चित्र बहुतेक इंटरनेटवरून उचललेलं असतं, त्यामुळे कडा फाटलेल्या दिसतात, डोळ्यांतली रेघ जाड होते, अक्षरांचं वळण जुळत नाही. एकाच शर्टावर मार्व्हल आणि डीसीची पात्रं एकत्र दिसली तर तो बहुतेक नकलीच समजा.

फॅशन स्ट्रीटवर तोच शर्ट २५० ला मिळतो. घेतला तर काय बिघडलं?

कायद्याच्या बाजूने सांगायचं तर गुन्हा छापणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली, जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. चिन्ह आणि नाव वापरलं म्हणून ट्रेडमार्कचा कायदाही लागतो. अंगात घालणाऱ्याला कुणी पकडत नाही.

मी स्वतः घेत नाही. फुटपाथवर विकणाऱ्याबद्दल माझ्या मनात जराही राग नाही, तो दिवसभर उन्हात उभा असतो आणि त्याला सुटणारे पैसे थोडेच. पण चित्र काढणं हेसुद्धा काम आहे. ते फुकट घ्यायची सवय लागली की उद्या आपल्याच गावातल्या चित्रकाराचं चित्र कुणी शर्टावर छापलं तर कुठल्या तोंडाने बोलणार? फुटपाथवर साधा, बिनचित्राचा शर्ट खुशाल घ्या. तुळशीबागेत, हिल रोडवर, सीताबर्डीला निर्यातीतून उरलेला चांगला माल मिळतो, आणि वर सांगितलेल्या परीक्षा तिथेही लागू पडतात.

मी दिलेले पैसे त्या पात्राच्या चित्रकाराला पोचतात का?

बहुतेक वेळा नाही. हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण खऱ्या मालासाठी आग्रह धरणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच असतो.

सुपरमॅन क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी घडवला, जेरी सीगल आणि जो शुस्टर. १९३८ मध्ये त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे त्या चिन्हावर कोट्यवधींचा माल खपला आणि हे दोघं उतारवयात हलाखीत होते. १९७५ मध्ये बोभाटा झाल्यावर वॉर्नरने दोघांना वर्षाला २० हजार डॉलरची पेन्शन आणि नाव छापण्याचा हक्क दिला. त्या १३० डॉलरचा ज्यात समावेश होता तो मूळ चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. चेकच्या कागदाला मिळालेली ती किंमत वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते.

बॅटमॅनचा पोशाख आणि स्वभाव घडवणारे बिल फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं ते २०१५ मध्ये. मार्व्हलच्या निम्म्या जगाला आकार देणाऱ्या जॅक कर्बींच्या वारसांशी कंपनीने २०१४ मध्ये तडजोड केली, तेव्हा त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

म्हणून हजार रुपये देताना आपण चित्रकाराला पोसतोय असं मनाशी धरू नका. आपण एका कंपनीला तिच्या मालकीच्या चित्राचं भाडं देतोय. ते देणं योग्यच आहे, कारण निदान एक साखळी प्रामाणिक राहते, त्यातून नवी कॉमिक्स निघतात आणि आजच्या काही चित्रकारांच्या करारांत वस्तूंवरचा वाटाही असतो. पण चित्रकाराच्याच हातात पैसे पडावेत अशी इच्छा असेल तर वाट दुसरी आहे. १९९२ मध्ये काही चित्रकारांनी मार्व्हल सोडून इमेज कॉमिक्स काढलं, तिथे पात्राचे हक्क निर्मात्याकडे राहतात. आणि आपल्याकडे कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात, चित्रकार स्वतः टेबल मांडून बसतात. त्यांनी स्वतः निर्माण केलेल्या पात्राचा शर्ट घ्या. एक विचारायचं, "पात्र तुमचंच आहे ना?" कारण काही टेबलांवर स्पायडर-मॅनच स्वतःच्या शैलीत काढून विकतात.

आपल्याकडच्या पात्रांचे शर्ट घ्यावेत का?

जरूर घ्या, आणि घेतलेले दिसू द्या. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली, टिंकल मासिकातला सुप्पंडी १९८३ पासून पोरांना हसवतोय, नागराज १९८६ चा, प्राण यांचे चाचा चौधरी त्याच्याही आधीचे. या पात्रांवर एक आख्खी पिढी वाचायला शिकली. माझ्या कामावरच्या एका मित्राने सुप्पंडीचा शर्ट घातला तेव्हा कँटीनमध्ये तिघांनी त्याला थांबवून आपापला लाडका किस्सा सांगितला. आयर्न मॅनच्या शर्टाला असं कुणी थांबवत नाही. मागणी दिसली तर आणखी पात्रं शर्टावर येतील. माझं स्वतःचं मागणं एकच आहे, जुन्या इंद्रजालच्या मुखपृष्ठासारखा ठिपक्यांत छापलेला वेताळ, नीट कापडावर. त्याला मी हजार रुपये हसत देईन.

पोराच्या वाढदिवसाला एकच शर्ट कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घेतला तर?

घरी स्वतः रंगवलात तर तो तुमचा खाजगी वापर, त्याला कायद्यातही जागा आहे. पण पैसे घेऊन छापणारा दुकानदार धंदा करत असतो आणि जोखीम त्याच्या डोक्यावर येते. मी तर म्हणेन, पोरालाच काढू दे चित्र. त्याने काढलेला वाकडा हल्क छापून आणा. आमच्या शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीने स्वतःची नायिका काढली, मांजर आणि छत्री घेतलेली. तो शर्ट तिला तोकडा झाला तरी ती सोडत नाही.

वाढत्या वयाच्या मुलांना महागडा शर्ट घ्यावा का?

बारा वर्षांखाली नको. वर्षात दोन इंच उंची वाढते, आणि आवडही तितक्याच वेगाने बदलते. सेलमध्ये ३०० ते ४०० पर्यंत मिळाला तर घ्या, एक माप मोठा. छापलेला भाग लहान असेल असा बघा, पोरं घामाघूम होतात आणि छातीभर प्लॅस्टिसॉल त्यांना टोचतं. कॉलेजात गेल्यावर माप स्थिर झालं की मग चांगला घेऊन द्या.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवावा का?

कापडासाठी मागवू नका. तिथे विकले जाणारे कितीतरी सुती शर्ट भारत, बांगलादेश, होंडुरासमध्येच शिवलेले असतात, आणि तमिळनाडूतल्या तिरुपूरचं कापड कुणापेक्षा कमी नाही. इथे न मिळणारं एखादं जुनं मुखपृष्ठ किंवा छोट्या प्रकाशनाचं पात्र असेल तर जरूर. न्यू जर्सीच्या आत्याला सांगताना नेहमीच्या मापापेक्षा एक माप लहान सांगा, तिथली मापं घेराला सैल असतात.

सेल कधी लागतो?

हंगाम संपताना, म्हणजे जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत. करार संपत आला की कंपनीला उरलेला माल ठरावीक मुदतीत काढावाच लागतो, तेव्हाही भाव उतरतात. चित्रपट येण्याच्या आठवड्यात घेऊ नका, त्या वेळी सगळं चढ्या भावात असतं आणि चार महिन्यांनी तोच शर्ट निम्म्यात पडून असतो. माझी स्वतःची मर्यादा साध्या मापाला ७०० आणि जाड ओव्हरसाइज्डला ९००. परीक्षांत पास झालेला शर्ट असेल तर एवढे पैसे मी मनापासून देते. त्यावर गेलं की थांबते.

धुवायचा कसा?

उलटा करून, गार पाण्यात, बेताच्या पावडरने. छापलेल्या भागावर ब्रश घासायचा नाही. पिळताना चित्राला पीळ बसू द्यायचा नाही. सावलीत, खालच्या दुमडीला चिमटे लावून वाळत घालायचा, खांद्याला लावले तर तिथे टोकं येतात. इस्त्री उलट्या बाजूने. पहिल्या धुण्यात एकटाच भिजवा. चांगला शर्टही ३ ते ५ टक्के आटतो, म्हणून घेताना लांबीत इंचभर जास्त ठेवा.

चित्र गेलं, बगलेत विरला, पण टाकवत नाही. काय करू?

गोधडी शिवा. आईने माझ्या कॉलेजच्या शर्टांची शिवली आहे. टी-शर्टचं कापड ताणतं, म्हणून छातीचा चौकोन कापल्यावर मागून जुन्या सुती साडीचा तुकडा लावायचा आणि आधी कडेने कच्चे टाके घालून घ्यायचे. धावदोरा चित्राच्या भोवतीने न्यायचा. प्लॅस्टिसॉलच्या थरातून सुई घातली तर भोकं पडतात आणि तिथून चित्र फाटत जातं. मधोमध वेताळ नव्हता, म्हणून आईने तिथे निळा सुपरमॅन लावला. पावसाळ्यात सगळ्यात आधी तीच गोधडी पळवली जाते.